पोहायचे राहून गेले!



आज घरी गेल्यावर एक छोटीशी पाहणी करा. घरातल्या आणि शेजारपाजारच्या पाच-दहा मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारा : "लहानपणीच शिकायला हवी होती, पण राहून गेली, अशी तुमची कोणती गोष्ट?" मिळतील ती उत्तरे वहीत टिपून ठेवा. कुणी म्हणेल सायकल, कुणी म्हणेल पेटी किंवा तबला. कुणाला वळणदार अक्षर काढायचे राहिले असेल, तर कुणाला साधा भात-आमटीचा स्वयंपाक! पण या यादीत एक गोष्ट आली नाही, तरच नवल. ती म्हणजे पोहणे. "विहिरीच्या काठावर उभा राहून बघत बसायचो, पण उडी मारायचा धीर कधी झाला नाही. आता या वयात काय जमणार?" असे सांगणारे काका-मामा आणि "आम्हां मुलींना कोण पाण्यात उतरू देणार?" असे म्हणणाऱ्या मावशी-आत्या तुम्हांला बहुधा भेटतीलच.

पेटी वाजवता आली नाही, म्हणून कोणाच्या जिवावर बेतत नाही. पोहण्याचे मात्र तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे पाण्यात बुडून मरण पावली. ५ ते १४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंची जी कारणे आहेत, त्यांत बुडण्याचा क्रमांक जगात तिसरा लागतो. म्हणजे हा प्रश्न अगदी तुमच्याच वयाच्या मुलामुलींचा आहे. म्हणून आज आपण या राहून गेलेल्या विद्येमागचे विज्ञान समजावून घेऊ या.

पाठ असलेला नियम

आर्किमिडीजचा सिद्धांत तुम्हांला ठाऊक आहेच. वस्तू द्रवात बुडाली, की ती जेवढा द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. यालाच प्लावक बल म्हणतात. परीक्षेत हा सिद्धांत आपण घडाघडा लिहितो आणि पुरे गुण मिळवतो. पण तोच विद्यार्थी चुकून विहिरीत पडला, तर? तेव्हा तो सिद्धांत त्याला आठवत नाही, आणि आठवला तरी उपयोगी पडत नाही. कारण तो डोक्याला माहीत असतो, हातापायांना नाही! पोहायला शिकणे म्हणजे हाच सिद्धांत हातापायांना, मानेला आणि छातीला शिकवणे.

आता आपण थोडे गणित करू. समजा, तुमचे वजन ४० किलोग्रॅम आहे. तुम्ही छाती भरून श्वास घेतला, तर तुमच्या शरीराचे आकारमान साधारण ४१ लिटर भरेल. संपूर्ण शरीर पाण्याखाली गेले, तर ते ४१ लिटर पाणी बाजूला सारील. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. म्हणजे पाणी तुम्हांला ४१ किलोग्रॅमच्या जोराने वर ढकलणार आणि तुमचे वजन आहे ४०! सांगा पाहू, तुम्ही बुडाल की तराल? अर्थातच तराल. फक्त एक लिटर आकारमानाचा भाग पाण्याबाहेर राहील आणि बाकीचे शरीर पाण्यात असेल.

तो एक लिटरचा भाग कोणता ठेवायचा, हीच सारी खुबी! तुम्ही उताणे पडून मान मागे टाकलीत, तर तो भाग म्हणजे तुमचा चेहरा असेल. नाक आणि तोंड हवेत राहील. मग आणखी काय हवे? पण तुम्ही घाबरून सरळ उभे झालात आणि सारे डोके बाहेर काढू लागलात, तर मात्र हिशेब चुकतो. तुमचे डोके एक लिटरपेक्षा बरेच मोठे आहे. त्याचे वजन तीन-चार किलोग्रॅम तरी भरते. तेवढे वजन पाण्याबाहेर उचलून धरायला एक किलोग्रॅमचा जोर पुरणार कसा?

बटाट्याचा प्रयोग

बुडणारा माणूस घाबरला, की हात वर फेकतो. हे चांगले की वाईट? त्याचे उत्तर बटाट्याला विचारू या. हा प्रयोग घरी करता येतो.

साहित्य : एक मध्यम बटाटा, एक रबरबँड, थोडा दोरा, एक मोजपट्टी आणि पाण्याने भरलेली बादली.

कृती : बटाट्याला दोरा घट्ट बांधा. दोऱ्याचे दुसरे टोक रबरबँडला बांधा. रबरबँड हातात धरून बटाटा हवेत लोंबकळू द्या. रबरबँड किती ताणला गेला, ते पट्टीने मोजा. आता बटाटा हळूहळू बादलीतल्या पाण्यात सोडा. तो तळाला टेकू देऊ नका. पुन्हा रबरबँडची लांबी मोजा.

काय दिसले? रबरबँड आखडून जवळजवळ आपल्या मूळच्या लांबीवर आला! बटाटा पाण्यात बुडतो हे खरे, पण त्याची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त असते. त्यामुळे हवेत १०० ग्रॅम भरणारा बटाटा पाण्यात जेमतेम सात-आठ ग्रॅम भरतो. बाकीचा भार पाण्याने उचललेला असतो.

आपले हातपाय म्हणजे स्नायू आणि हाडे. त्यांची घनताही या बटाट्यासारखीच, पाण्यापेक्षा थोडी अधिक असते. हात पाण्यात असला, तर त्याचा भार जवळजवळ नाहीसाच होतो. तोच हात पाण्याबाहेर काढला, की त्याचा पुरा भार शरीरावर पडतो. ६० किलोग्रॅम वजनाच्या मोठ्या माणसाचा एक हात सुमारे ३ किलोग्रॅमचा असतो. दोन्ही हात वर केले, तर डोक्यावर ६ किलोग्रॅमचे ओझे ठेवल्यासारखेच झाले! म्हणून पोहायला शिकवणारा पहिल्याच दिवशी ओरडून सांगतो, "हात पाण्यात ठेव!" आता त्याच्या ओरडण्याचे कारण तुम्हांला कळले ना?

छातीतला भोपळा

आपल्याकडे खेड्यापाड्यांत मुले पोहायला शिकतात ती विहिरीवर, नदीच्या डोहात किंवा तळ्यात. पूर्वी पाठीला वाळलेला भोपळा बांधत. दोन भोपळे एकत्र बांधले, की त्याला सांगड म्हणत. कोणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधी, तर कोणी तोंड डाख देऊन पक्के बंद केलेला पत्र्याचा डबा. नंतर मोटारीच्या चाकाची ट्यूब आली. साधने निराळी, पण तत्त्व एकच. थोडे वजन वाढवून पुष्कळ आकारमान मिळवायचे, म्हणजे जास्त पाणी बाजूला सारले जाईल आणि प्लावक बल वाढेल.

निसर्गाने असाच एक भोपळा आपल्या छातीतही ठेवलेला आहे. तो म्हणजे आपली फुप्फुसे. आपण वर ४० किलोग्रॅम वजनाचे जे उदाहरण घेतले, त्यात छाती भरलेली असताना आकारमान ४१ लिटर होते. आता छातीतली हवा जोर लावून बाहेर सोडा. वजन तेच राहील, पण आकारमान सुमारे ३९ लिटर होईल. ४० किलोग्रॅम वजन आणि ३९ किलोग्रॅमचे प्लावक बल! आता शरीर हळूहळू खाली जाऊ लागेल. म्हणजे तरणे आणि बुडणे यांत अंतर आहे ते एका श्वासाचे. किंचाळताना माणूस छातीतली हवा बाहेर टाकतो, म्हणजे आपलाच भोपळा रिकामा करतो, हेही ध्यानात घ्या.

हा भोपळा छातीत आहे, पायांत नाही. त्यामुळे शरीराला वर ढकलणाऱ्या बलाचे केंद्र छातीकडे असते, आणि गुरुत्वमध्य मात्र त्याच्या खाली, बेंबीच्या आसपास असतो. म्हणूनच उताणे पडल्यावर पाय हळूहळू खाली जातात. नवशिक्याला वाटते, की आपण बुडालो! पण पाय खाली गेले म्हणून चेहरा पाण्याखाली जात नाही. हात पाण्यातच डोक्याच्या पलीकडे लांब केले, तर गुरुत्वमध्य छातीकडे सरकतो आणि शरीर पुन्हा आडवे होऊ लागते.

समुद्रात तरंगणे विहिरीपेक्षा सोपे का जाते, तेही आता सांगता येईल. समुद्राचे एक लिटर पाणी सुमारे १.०२५ किलोग्रॅम भरते. त्यामुळे ४० किलोग्रॅम वजन पेलायला ३९ लिटर पाणी बाजूला सारले तरी पुरते. बाहेर राहणारा भाग एक लिटरवरून दोन लिटर होतो. अर्थात समुद्रात लाटा आणि ओढ असते, म्हणून तो सोपा असला तरी सुरक्षित नाही.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करू. "खोल पाणी माणसाला खाली ओढते," असे पुष्कळजण म्हणतात. प्लावक बलाच्या सूत्रात खोलीचा कोठे उल्लेख आहे का? नाही. पाण्यावर तरंगणाऱ्याला दोन मीटर खोल पाणी जेवढे उचलते, तेवढेच वीस मीटर खोल पाणीही उचलते. खोल पाण्यात फरक इतकाच, की घाबरल्यावर पाय टेकायला तळ नसतो.

फ्रँकलिनचे अंडे

"आता या वयात काय जमणार?" हा प्रश्न काही आजचा नाही. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एका गृहस्थाने तो बेंजामिन फ्रँकलिनला विचारला होता. होय, १७५२ साली पतंग उडवून आकाशातली वीज आणि आपण निर्माण करतो ती वीज एकच आहे, हे दाखवणारा तोच हा शास्त्रज्ञ. फ्रँकलिनचे बालपण अमेरिकेतील बोस्टन या बंदरात, पाण्याच्या काठी गेले. तो लहानपणीच पट्टीचा पोहणारा झाला होता. पतंगाचा एक प्रयोग तर त्याने पोहतानाही केला होता! तळ्यात उताणे पडून त्याने पतंगाची दोरी हाती धरली आणि वाऱ्याच्या जोरावर, हातपाय न हलवता, तो पैलतीराला गेला.

तर या फ्रँकलिनच्या एका मित्राला नव्या कामामुळे वरचेवर पाण्यातून प्रवास करावा लागणार होता, आणि पाण्याची तर त्याला विलक्षण भीती. आता शिकायला फार उशीर झाला, असे त्याचे म्हणणे. फ्रँकलिनने त्याला लांबलचक पत्र लिहिले आणि उशीर झाला हे साफ नाकारले. त्याने मित्राला जी युक्ती सांगितली, ती एखाद्या शास्त्रज्ञालाच सुचावी अशी आहे.

ती अशी : जेथे पाणी हळूहळू खोल होत जाते, अशी जागा निवडायची. छातीइतक्या पाण्यात जायचे आणि काठाकडे तोंड करून उभे राहायचे. मग आपल्या आणि काठाच्या मध्ये पाण्यात एक अंडे टाकायचे. ते तळाशी जाईल, पण पांढरे असल्यामुळे नितळ पाण्यात दिसत राहील. आता डोळे उघडे ठेवून बुडी मारायची आणि ते अंडे उचलून आणायचे. काठ समोरच आहे आणि तिकडे पाणी उथळ होत जाते, म्हणून धोका नाही. कोठल्याही क्षणी पाय टेकून उभे राहता येते.

यात शिकण्यासारखे काय आहे? माणूस अंडे उचलायला खाली जाऊ पाहतो, आणि पाणी त्याला खाली जाऊच देत नाही! ते त्याला सारखे वर ढकलत राहते. खाली जाण्यासाठीच धडपड करावी लागते. 'पाणी मला बुडवील' असे ज्याला वाटत होते, त्याला स्वतःच्या अंगाने उलटा अनुभव येतो. भीती घालवायला फ्रँकलिनने उपदेश केला नाही, प्रयोग करायला लावला!

फ्रँकलिनने त्या पत्रात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आहे. अंगावरचे कपडे भिजून जड होतात आणि माणसाला बुडवतात, असे लोकांना वाटते. पण कपड्यांत शिरलेले पाणी बाहेरच्या पाण्यात जड भरेल कसे? ते ओझे जाणवते ते पाण्याबाहेर पडताना. पाण्यात असताना कपडे हालचालीला अडथळा मात्र करतात. नेदरलँड्स हा देश सखल आहे आणि तेथे गावोगाव कालवे आहेत. तेथील मुलांना पोहण्याचे पहिले प्रमाणपत्र मिळवण्यासाठी कपडे घालूनच पाण्यात उतरावे लागते. कारण उघड आहे. कालव्यात पाय घसरून पडणारा मुलगा पोहण्याचा पोषाख घालून थोडाच पडतो?

श्वास कोंडण्याची पैज नको

आता एक धोक्याची सूचना, आणि ती नीट वाचा. सुट्टीत विहिरीवर जमलेली मुले 'पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो' अशी पैज लावतात. काहीजण बुडी मारण्यापूर्वी भराभर दहा-वीस खोल श्वास घेतात. त्यामुळे पुष्कळ प्राणवायू साठतो, अशी त्यांची कल्पना असते. ती चुकीची आहे.

'आता श्वास घ्यायलाच हवा' ही जी तळमळ आपल्याला होते, ती मुख्यत्वे प्राणवायू कमी पडल्यामुळे होत नाही. ती होते रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. हा वायू म्हणजे आपल्या शरीरातली धोक्याची घंटा आहे. भराभर श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मात्र बराच बाहेर टाकला जातो. म्हणजे आपण घंटेची दोरीच कापून टाकतो! मग पाण्याखाली प्राणवायू संपत येतो, तरी घंटा वाजत नाही, आणि मुलगा एकाएकी बेशुद्ध होतो. उत्तम पोहणाराही अशा वेळी बुडतो. तेव्हा ही पैज कोणी लावली, तर त्याला हे कारण समजावून सांगा आणि पैज मोडा.

हातापायांची आठवण

लहानपणी पोहायला शिकलेला माणूस पुढे वीस वर्षे पाण्यात उतरला नाही, तरी पोहायला विसरत नाही. इतिहासातल्या सनावळ्या मात्र परीक्षेनंतर महिन्याभरात विरून जातात. असे का?

याचे उत्तर शोधायला एका रुग्णाची फार मदत झाली. अमेरिकेतील हेन्री मोलेसन याच्या मेंदूवर अपस्मारासाठी १९५३ साली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला नव्या घटना आठवेनाशा झाल्या. नुकताच भेटून गेलेला माणूसही तो विसरे. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम भलतेच अवघड असते, करून पाहा! त्याने तीन दिवस सराव केला. रोज त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे काम पूर्वी कधी केले आहे, हे काही त्याला आठवत नव्हते. डोके विसरले होते आणि हात शिकत होता!

यावरून कळले, की घटनांची आठवण आणि कौशल्याची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली जाते. कौशल्याच्या कामात अनुमस्तिष्काचा, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असलेल्या लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. आणि तेथे व्याख्या पाठ करून काही जात नाही, सरावानेच जाते. हा लेख शंभर वेळा वाचूनही तुम्हांला पोहता येणार नाही, ते यामुळेच.

मग लहानपणीच का?

मोठ्या माणसाचा मेंदूही नवे कौशल्य शिकू शकतो. तेव्हा वय झाले म्हणजे दार बंद झाले, असे नाही. पण लहानपणी तीन गोष्टी आपल्या बाजूच्या असतात.

पहिली गोष्ट, भीती अजून मुरलेली नसते. भीतीनेही माणसाच्या हालचालींना वळण लागते. मान ताठ करणे, श्वास अडकवणे, हात वर फेकणे, या सवयी मोठ्या माणसाला आधी मोडाव्या लागतात आणि मग नवे शिकावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. उन्हाळ्याची सुट्टी तुमच्याजवळ आहे, काकांजवळ नाही. आणि तिसरी, जी सर्वांत महत्त्वाची : ज्या वयात बुडण्याचा धोका फार, त्याच वयात ही विद्या हाती हवी. चाळिसाव्या वर्षी शिकलेले पोहणे दहाव्या वर्षीच्या अपघातात कसे उपयोगी पडणार?

आपल्या शेजारच्या बांगलादेशाने हे ओळखले. तेथे घराघराजवळ तळी आणि डबकी आहेत. तेथील एका योजनेत गावच्याच तळ्यात बांबूची चौकट आणि पाण्याखाली बांबूचा मंच बांधतात. गावातलेच शिकवलेले तरुण-तरुणी चार वर्षांपुढच्या मुलामुलींना पाण्यात तरंगायला, थोडे अंतर पोहायला आणि दुसऱ्याला काठावरून मदत करायला शिकवतात. संगमरवरी तलाव नको, की महागडी साधने नकोत! जी मुले असे शिकली, त्यांच्यात बुडण्याचे प्रमाण न शिकलेल्या मुलांपेक्षा खूपच कमी असल्याचे दिसून आले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरवून दिला, त्या ठरावासाठी पुढाकार घेणाऱ्या देशांतही बांगलादेश होता.

आणि मुलींनो, "आम्हांला कोण उतरू देणार?" असे म्हणणाऱ्या मावशीला आरती साहा यांची गोष्ट सांगा. कोलकात्याच्या या मुलीने हुगळी नदीच्या घाटावर अगदी लहानपणी पोहायला सुरुवात केली. १९५९ साली ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहून जाण्याचा तिचा पहिला प्रयत्न फसला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिने तो पार पाडला. ती खाडी पोहून गेलेली ती आशियातील पहिली स्त्री! तेव्हा तिचे वय होते १९ वर्षे. पाणी मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. वर ढकलताना करत नाही आणि बुडवतानाही करत नाही.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस हात हलवून "वाचवा, वाचवा" असे ओरडतो, हे चित्रपटात. प्रत्यक्षात पुष्कळदा तो ओरडूच शकत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असते आणि मिळेल तो क्षण श्वास घेण्यातच जातो. म्हणून पाण्यात खेळणारे मूल एकाएकी गप्प झाले, तोंड वर करून जागच्या जागी धडपडू लागले, तर लगेच सावध व्हा. हातात फार थोडा वेळ असतो.

अशा वेळी पहिला नियम : स्वतः उडी मारू नका. तुम्हांला पोहता येत असले तरीही! बुडणारा हाती लागेल त्याला मिठी मारतो आणि मग दोघेही जातात. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. मोठ्याने ओरडून माणसे गोळा करा. काठावर पालथे पडून काठी, बांबू, धोतर, ओढणी, जे हाती येईल ते त्याच्याकडे सरकवा. तो दूर असेल, तर तरंगणारी वस्तू फेका.

कोणती फेकाल? येथे आर्किमिडीज पुन्हा मदतीला येतो. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला तेलाचा प्लॅस्टिकचा कॅन घ्या. तो पूर्ण बुडाला, तर पाच लिटर पाणी बाजूला सारील. म्हणजे जवळजवळ पाच किलोग्रॅमचा आधार मिळेल. डोक्याचे वजन किती होते? तीन-चार किलोग्रॅम, आणि मोठ्या माणसाचेही साधारण पाचच! म्हणजे मुलाचे डोके पाण्यावर ठेवायला असा एक कॅन पुरतो. त्याला लांब दोरी बांधली, तर ओढूनही घेता येईल. तुमच्या गावच्या विहिरीवर किंवा तळ्यावर असा दोरी बांधलेला कॅन टांगून ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशेब वर्गात करून पाहा, आणि ग्रामपंचायतीला दाखवा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून गरगर फिरवू नये, की पोट दाबून पाणी काढत बसू नये. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. त्याचा श्वास बंद असेल, तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे हेच उपचार करायचे असतात. ते प्रथमोपचाराच्या वर्गात शिकता येतात. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा.

वाहत्या पाण्याबद्दलही एक शब्द. आपण आतापर्यंत जे गणित केले, ते संथ पाण्याचे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून पावसाळ्यात पूर आलेली नदी, धरणाखालचा प्रवाह, पाण्याखाली गेलेला पूल यांच्या वाटेला पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जाऊ नये. कोठे उतरायचे नाही, हे कळणे हाही पोहण्याच्या विद्येचाच भाग आहे.

या सुट्टीत

तर येत्या सुट्टीचा बेत आताच करा. चांगले पोहता येणारे, धीर धरून शिकवणारे मोठे माणूस शोधा. एकटे किंवा नुसतेच मित्रमित्र मिळून पाण्यावर जाऊ नका. पहिले काही दिवस अंतर कापण्याची घाई करू नका. आधी कमरेइतक्या पाण्यात तोंड बुडवून हवा सोडायला शिका, मग उताणे तरंगायला, मग उभ्याने तरंगायला. वेगवेगळे हात मारणे त्यानंतर. फ्रँकलिनची युक्ती करायची झाली, तर अंड्याऐवजी एक पांढरी वाटी चालेल.

आणि हो, सुरुवातीला केलेली पाहणी विसरू नका. ज्यांनी ज्यांनी 'पोहणे' असे उत्तर दिले असेल, त्यांच्या नावांपुढे खूण करा. मग त्यांना बटाट्याचा प्रयोग करून दाखवा, आणि शिकायला जाताना त्यांच्यातल्या एकाला तरी बरोबर घेऊन जा. तुम्ही आणि तुमचे काका किंवा मावशी, दोघांत आधी कोण उताणे तरंगते, ते आम्हांला अवश्य कळवा.